रात्रीच्या पुण्याचा नकाशा

माननीय आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर



एप्रिल-मे महिन्यांत रात्री साडेदहाच्या सुमारास मी पाषाणहून, मुलीच्या घरून, रिक्षाने धनकवडीला परतते. रिक्षा उघडी, त्यामुळे सगळं शहर अंगाला लागतं. पाषाण रस्त्यावर एनसीएलच्या झाडांखालून जाताना पदर आवरून घ्यावासा वाटतो. विद्यापीठ चौकात धग लागते. सेनापती बापट रस्त्यावर चतुःशृंगीच्या बाजूने मध्येच गार हवेची एक पट्टी आडवी येते आणि क्षणात मागे पडते. टेकडीच्या पायथ्याने जाणाऱ्या लॉ कॉलेज रस्त्यावर ती पुन्हा भेटते. मग डेक्कन, लकडी पुलावरचा नदीचा दमट वास, टिळक रस्ता. स्वारगेटपर्यंत पाठ घामाने ओली झालेली असते. एकच शहर, एकच रात्र, पाऊण तासाची वाट, आणि तेवढ्यात तीन-चार ऋतू अंगावरून जातात.

हे प्रत्येक पुणेकराला ठाऊक आहे. रिक्षावाल्याला तर कोणत्या वळणावर झुळूक येते तेही पाठ असतं. पण हा नकाशा विकास आराखड्याच्या नकाशांत नाही. तिथे रस्ते आहेत, आरक्षणं आहेत, पूररेषा आहे. कोणती गल्ली रात्रभर तापलेली राहते आणि कुठल्या टेकडीचा गारवा कुठल्या वस्तीपर्यंत पोचतो, हे नाही. हा नकाशा महापालिकेने करून घ्यावा आणि आराखड्याला कायद्याने जोडावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. मी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशा ही भिंतीवर टांगायची वस्तू नसते, त्यावरून वाट काढायची असते, हे मुलांना सांगत आले. तेच आज आपल्याला सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा छापून येतो: पुण्याचं कमाल तापमान इतकं, किमान इतकं. तो आकडा चुकीचा नसतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेत, ज्याला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, हवामान खातं तो ठरलेल्या रीतीने घेतं. मोकळी जागा, खाली माती किंवा गवत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर झडपांची पांढरी पेटी, आत तापमापक. भिंतीची धग आणि डांबराची झळ त्याला लागू नये म्हणूनच ही मांडणी. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या आकड्याशी ताडायचा तर असंच मोजायला हवं. पण या मांडणीने ज्या जागा मुद्दाम टाळल्या, नेमक्या तिथेच आपले लोक राहतात: डांबराला लागून, भिंतीला टेकून, पत्र्याखाली, स्लॅबखाली.

आणि हिवाळ्यात वेगवेगळ्या केंद्रांचे आकडे शेजारी शेजारी छापून येतात, तेव्हा तर हे उघडच दिसतं. एनडीए किंवा पाषाणला हुडहुडी भरलेली असते, त्याच पहाटे मगरपट्टा आणि कोरेगाव पार्कला साधा स्वेटर पुरतो. पाच-सहा अंशांचा फरक अनेकदा असतो. थंडीत आपण त्याचं कौतुक करतो. उन्हाळ्यात हाच फरक कुणाच्या झोपेचा आणि कुणाच्या जिवाचा होतो, याचा हिशेब मात्र मांडला जात नाही.

हे काम पुण्याला परकं नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८मध्ये सिमल्याहून इथे आलं. १९३२मध्ये इथेच कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या हवेचा अभ्यास आरंभला. शांत, निरभ्र रात्री सगळ्यांत गार हवा जमिनीला चिकटून असते, असं तेव्हाची पुस्तकं सांगत. रामदासांना ती जमिनीच्या वीत-दोन वीत वर सापडली. बाहेरच्या शास्त्रज्ञांना हे पटायला पुढे बराच काळ लागला. आज जगभर त्या थराला रामदासांचं नाव आहे. वीतभर उंचीतला तापमानाचा फरक टिपायला जे शहर नव्वद वर्षांपूर्वी शिकलं, त्याने आज दोन पेठांमधला फरक टिपू नये? शहराच्या उष्णतेवरही इथे काम झालं आहे. वृषाली देवस्थळी यांचा पुण्याच्या वाढीवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. रात्री शहराचा गाभा भोवतालापेक्षा उबदार आणि दमट बेटासारखा होतो, हे त्यात मांडलेलं आहे. त्यानंतर शहर कुठल्या कुठे पसरलं. १९९७मध्ये २३ गावं हद्दीत आली होतीच, पुढे २०१७मध्ये ११, २०२१मध्ये आणखी २३. म्हणजे शास्त्र पुण्यात आहे, पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, विद्यापीठ आहे. ते शास्त्र आणि बांधकाम परवानगीचं टेबल यांच्यात फार तर आठ किलोमीटरचं अंतर असेल. तेवढंच अजून कापलं गेलेलं नाही.

मी रात्रीवर एवढा भर का देते, ते सांगायला हवं. ल्यूक हॉवर्ड नावाच्या हौशी निरीक्षकाने दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या हवामानावर पुस्तक लिहिलं. शहर आणि खेडं यांची तुलना करताना त्याला आढळलं, की रात्री लंडन भोवतालच्या खेड्यापेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटने उबदार असतं आणि दिवसा मात्र अगदी किंचित गार. शहराचा ताप हा मुळात रात्रीचा ताप आहे. काँक्रीट, दगड, डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते ओकतात. मोकळ्या माळावर ही उष्णता सरळ आकाशात निघून जाते. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना पाच-सहा मजले उभे असले की ती एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जात राहते. वर आकाशाची जेमतेम फीत दिसते, तेवढीच तिला सुटायला वाट. त्यात एसीची बाहेरची पेटी घरातली गरमी गल्लीत टाकते. ज्याच्याकडे एसी नाही, त्याच्या खिडकीत ती शिरते.

माणसाच्या शरीराचं गणितही रात्रीवरच चालतं. दिवसाचा ताण रात्रीच्या गारव्यात उतरला तर दुसरा दिवस झेपतो. तो उतरलाच नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हातारं माणूस गळून जातं, आणि दाखल्यावर कारण हृदयविकाराचं लागतं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहतात. पूर्वी त्यांच्या घरावर पत्रा होता. दुपारी आत बसवत नसे, पण पत्रा जितक्या लवकर तापतो तितक्याच लवकर निवतो. रात्री नऊ-दहानंतर निदान डोळा लागायचा. पाच वर्षांपूर्वी त्यांनी कर्ज काढून वर स्लॅब टाकला. घर पक्कं झालं आणि मे महिन्याची झोप गेली. स्लॅब रात्री दोनपर्यंत धग सोडतो. आता सगळं घर उंबऱ्याबाहेर, गल्लीत झोपतं. ताई पहाटे पाचला उठून चार घरांचा स्वयंपाक करतात, गॅसपाशी उभ्या राहून. शहराचा रोजचा तापमानाचा आकडा या बाईविषयी काहीच सांगत नाही.

आता एक धोक्याची सूचना, आणि हे पत्र लिहिण्याचं तातडीचं कारणही हेच. उष्णतेचा नकाशा म्हटला की बहुतेक वेळा उपग्रहाचं चित्र पुढे येतं. लाल-पिवळं-निळं, दिसायला देखणं, सादरीकरणात शोभणारं. हे चित्र हवेचं तापमान दाखवत नाही, पृष्ठभागाचं दाखवतं. ज्या लँडसॅट उपग्रहांची माहिती सर्रास वापरली जाते, ते आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातात. त्या वेळी एप्रिलमधली वेताळ टेकडी कशी असते? गवत वाळून पिवळं पडलेलं, गिरिपुष्पाची पानं गळलेली, काळा खडक उघडा. ती चित्रात लालभडक दिसणार. आणि दाट पेठांमधल्या गल्ल्या, जिथे इमारतींची एकमेकींवर सावली पडलेली असते, त्या तिच्याहून गार दिसू शकतात. दख्खनच्या कोरड्या शहरांत हे वारंवार घडतं. त्या एका चित्रावर विसंबून कुणी उद्या म्हणेल, की टेकडीच शहरातली सगळ्यांत तापलेली जागा आहे, तिथे बांधकाम आणि बाग केली तर उलट गारवा येईल. ऐकायला शास्त्रीय वाटेल, आणि ते साफ चुकीचं असेल. तीच टेकडी सूर्य मावळला की शहरात सगळ्यांत आधी निवते.

ती निवते आणि खाली काय पाठवते, हे आपण मोजायला हवं. निरभ्र, शांत रात्री उघडा उतार आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतो. त्याला लागलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून खाली सरकू लागते. अगदी मंद, झाडाचं पानही हलणार नाही अशी. ती मोकळ्या वाटेने जाते आणि टेकडीवरून मोकळी वाट म्हणजे ओढा. पाणी ज्या वाटेने वाहतं त्याच वाटेने गार हवा वाहते. रामनदी, आंबिल ओढा, माणिक नाला, भैरोबा नाला: आपण यांच्याकडे सांडपाण्याचे आणि पुराचे प्रवाह म्हणून पाहतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं, ते कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंतची माणसं विसरलेली नाहीत. ओढ्याचं पात्र आवळलं की पावसाळ्यात पाणी घरात शिरतं, हे आता सगळ्यांना कळलंय. पात्र आवळलं, त्यावर स्लॅब टाकला, काठावर आडवी भिंतीसारखी इमारत उभी केली, तर उन्हाळ्यातल्या रात्री गार हवाही अडते, हे अजून कुणी बोलत नाही. पाणी अडलं की आवाज होतो, फोटो येतात. हवा अडते ती गुपचूप.

टेकड्यांच्या कुशीत वसलेलं, वारा कमी असलेलं आणखी एक शहर आहे, जर्मनीतलं श्टुटगार्ट. तिथल्या नगरपालिकेने १९३८पासून हवामानतज्ज्ञ पगारावर ठेवला आहे. रात्री उतारावरून येणारी गार हवा कुठून निघते, कुठल्या दरीतून जाते, कुठे पोचते, याचे नकाशे त्यांनी केले. २००८मध्ये श्टुटगार्ट धरून १७९ गावा-शहरांच्या सगळ्या प्रदेशाचा हवामान-नकाशासंग्रह निघाला. त्यातलं एक पान मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यावर तापमान नाही, सूचना आहेत: इथे नवं बांधकाम नको, इथे चालेल पण अंतर सोडून, इथे उंची वाढवली तरी हरकत नाही. हवामानशास्त्रज्ञाची भाषा नगररचनाकाराच्या भाषेत आणली, हे त्यांचं खरं काम. अशाच नकाशांच्या आधारावर टेकड्यांच्या मधल्या उतारांवरच्या बांधकामाला बंधनं आली. श्टुटगार्ट म्हणजे आदर्श नव्हे. तिथला नेकारटोर चौक वर्षानुवर्षं जर्मनीतल्या सगळ्यांत वाईट हवेसाठी ओळखला गेला, आणि रेल्वे स्थानकाच्या प्रकल्पासाठी २०१२मध्ये बागेतली जुनी झाडं लोकांचा विरोध मोडून तोडली गेली. पण तिथे वाद होतो तेव्हा टेबलावर नकाशा असतो. आपल्याकडे टेकडीवरच्या रस्त्याचा वाद होतो तेव्हा एका बाजूला वाहतुकीचे आकडे असतात आणि दुसऱ्या बाजूला टेकडीवर रोज चालायला जाणाऱ्यांचं प्रेम. प्रेमाला आकडा नसतो म्हणून ते हरतं. मला त्या प्रेमाच्या हातात नकाशा द्यायचा आहे.

हाँगकाँगला हे २००३च्या सार्सच्या साथीनंतर कळलं. भिंतीसारख्या सलग उभ्या टोलेजंग इमारतींतून हवा खेळत नाही, हे तिथल्या सरकारने मान्य केलं आणि २००६पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वाऱ्याचा अभ्यास करायची पद्धत लावली. इतक्या दाटीच्या शहराला जे सुचलं, ते आपल्याला अशक्य नाही.

झाडांबद्दल लोक माझ्याहून जास्त पोटतिडकीने लिहितात, मी एकच गोष्ट सांगते. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१मध्ये सुधारणा झाली आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावण्याचा नियम आला. साठ वर्षांचा वड गेला तर साठ रोपं. हिशेब जुळतो. पण गणेशखिंड रस्त्यावरच्या वडाखाली बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावरचं ऊन दूरच्या माळावरच्या साठ रोपांनी कमी होत नाही. सावलीला पत्ता असतो. कुठल्या पत्त्यावर ती जास्त हवी आहे, हे नकाशा सांगेल; मग कुठल्या झाडाला हात लावायचा नाही आणि नवं झाड आधी कुठे लावायचं, हे दोन्ही वृक्ष प्राधिकरणाला कळेल.

हे करायला अवाढव्य खर्च लागत नाही. महापालिकेच्या शाळा प्रत्येक वस्तीत आहेत, दवाखाने आहेत, क्षेत्रीय कार्यालयं आहेत, रस्त्यावरचे दिवे आहेत. हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजणारी छोटी यंत्रं तिथे बसवावीत. मात्र ती आधी वेधशाळेच्या यंत्राशेजारी ठेवून ताडून घ्यावीत आणि त्यांना थेट ऊन लागणार नाही असं झाकण असावं, नाहीतर आकडे भलतेच येतात. पीएमपीच्या बस रात्रीपर्यंत शहरभर फिरतात. काही बसवर यंत्रं लावली तर रोज रात्री शहराचा छेद मिळेल. वाऱ्यासाठी टेकड्यांच्या पायथ्याशी आणि ओढ्यांच्या काठाने वेगळी मोजणी करावी, निदान दोन उन्हाळे आणि एक हिवाळा. एक उन्हाळा पुरणार नाही. वळवाचा पाऊस एखाद्या वर्षी सगळं चित्र बदलून टाकतो.

या नकाशावर दुसरा थर माणसांचा असावा, आणि तो घरोघर जाणाऱ्या आशा सेविकांशिवाय होणार नाही. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोण रात्रपाळी करून दुपारी पत्र्याखाली झोपतं, कुठल्या वस्तीत बायका सुरक्षित वाटत नाही म्हणून उकाड्यातही दार लावून झोपतात, हे त्यांना माहीत असतं. तिसरा थर मृत्यूनोंदींचा. नाव नको, गाव नको. तारीख, वय आणि प्रभाग पुरे. अहमदाबादला मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, हे असं नोंदी मोजूनच समजलं. उष्माघात म्हणून लिहिलेले मृत्यू त्यामानाने अगदी थोडे होते. त्या मोजणीतून २०१३चा तिथला उष्णता कृती आराखडा निघाला, दक्षिण आशियातला पहिला. पुण्यात अहमदाबादइतका पारा चढत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण तेवढ्या उन्हाची सवय नसलेल्या शहराला एकेचाळीस अंशही जड जातात.

आपल्या हातात एक तयार जागा आहे. महापालिका अधिनियमाप्रमाणे दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल मांडणं आयुक्तांवर बंधनकारक आहे. रात्रीच्या तापमानाचा प्रभागवार नकाशा पुढच्या अहवालात आला तर सुरुवात झाली. पण तिथेच थांबू नये. समाविष्ट गावांत ज्या वेगाने इमारती उभ्या राहत आहेत, तो वेग नकाशाची वाट पाहणार नाही. २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत रस्त्याची रुंदी, एफएसआय, सामासिक अंतर, पार्किंग, अग्निशमन, सगळ्यांचे तक्ते आहेत. ही इमारत उभी राहिली तर मागच्या गल्लीची रात्र किती तापेल, हा प्रश्न विचारणारा रकाना त्यात असावा. नियमावली शासनाची आहे हे मी जाणते. पण पुण्याहून प्रस्ताव गेला, सोबत दोन उन्हाळ्यांची मोजणी गेली, तर मंत्रालयात तो नुसता अर्ज म्हणून वाचला जाणार नाही. १:५पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम आज आहेच. त्या उताराखालची सपाट पट्टी आणि ओढ्याचं तोंडही मोकळं राहायला हवं, कारण गार हवा नेमकी तिथून शहरात शिरते.

याला विरोध होईल आणि तो सगळाच स्वार्थी नसेल. १९९७मध्ये आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवली आहे. तिथल्या कितीतरी जमीनमालकांनी मोबदल्याची वाट पाहत आयुष्य काढलं. टेकडीचा गारवा साऱ्या शहराने घ्यायचा आणि किंमत एका कुटुंबाने मोजायची, हे न्यायाचं नाही. तो मोबदला लवकर आणि पुरेसा मिळावा, यासाठीही हा नकाशा उपयोगी पडेल, कारण टेकडी शहराला काय देते ते त्यात दिसेल. घरंही हवीत. उंच इमारतीशी माझं भांडण नाही. वाऱ्याला वाट ठेवून उभी केलेली उंच इमारत दाटीवाटीच्या ठेंगण्या इमारतींपेक्षा बरी असू शकते. आणि एक भीती स्पष्ट लिहून ठेवते. उद्या हाच नकाशा दाखवून, ‘गार हवेच्या वाटेत येते’ म्हणून पायथ्याची वस्ती उठवली जाईल आणि शेजारचा पक्का गृहप्रकल्प तसाच राहील. तसं होणार असेल तर नकाशा न केलेला बरा. वस्तीला आधी छतावरचा पांढरा रंग, पाण्याची सोय, गल्लीत दोन झाडं आणि रात्री उघडी राहणारी शाळेची गच्ची मिळायला हवी. नियमाची पहिली परीक्षा मोठ्या भूखंडावर व्हावी.

आपल्याला एक विनंती करते. मे महिन्यातली एखादी निरभ्र रात्र निवडा. अकराच्या सुमारास लॉ कॉलेज रस्त्यावर, टेकडीच्या पायथ्याशी, आपण भेटू. तिथून नदी ओलांडून पेठांमधून नागझरी ओढ्याच्या काठापर्यंत चालत जाऊ. तासाभराची वाट आहे. सोबत नगररचना विभागाचे आणि उद्यान विभागाचे अधिकारी असावेत. तापमापक मी आणेन, वहीही आणेन. दर दोनशे पावलांवर थांबून आकडा लिहायचा आणि तिथे कोण बाहेर झोपलं आहे तेही लिहायचं.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
धनकवडी, पुणे